ब्लँक कपाटात होती

छकू : आकड्याचं दुखणं नाहीये गं वहिनी. आकडा चांगला दणदणीत आलाय.

वहिनी : मग छापून दे की! सकाळपासून त्या बाहेरच्या बाकावर बसलेय. गुंड्याला शेजारच्या काकूंच्या गळ्यात बांधून आलेय, त्यांना परत दुपारी बाहेर जायचंय. क्वार्टर बदलून देणाऱ्या समितीचं ऑफिस चारला बंद होतं. आज शेवटचा दिवस आहे, छकू. तुझ्या दादाचे फोनवर फोन. आयुष्यात कधी माझी एवढी आठवण काढली नसेल त्याने.

छकू : ये इकडे. ते स्टूल ओढ. हा पडदा बघ.

वहिनी : मला काय कळतंय त्यातलं? मी इतिहास घेऊन पदवी घेतली. राजे नि लढाया विचार.

छकू : कळेल. ही तुमच्या बाहेरच्या खोलीतली पहिली नळी. पंप दिवसभर हवा ओढत होता ना? त्या नळीत पिवळी पूड भरलेली असते. हवेतले आल्डिहाइड, कीटोन, जे कोणी असतील ते तिला चिकटले की सुटत नाहीत. मग मी नळी धुते, जे उतरतं ते या मशीनमध्ये सोडते. आत एक लोखंडी नळा आहे, बारीक भुकटी ठासून भरलेला. त्यात सगळे एकत्र शिरतात आणि एकेक करून बाहेर पडतात.

वहिनी : शाळा सुटल्यासारखे.

छकू : अगदी तसे. आणि लहानगा सगळ्यांच्या पुढे. हा पहिला सोडून दे, ती उरलेली पूड आहे. त्याच्या मागचा हा उंच सुळका दिसतोय? हा फॉर्मल्डिहाइड. फळ्या चिकटवायच्या डिंकातून येतो तो. त्याच्या मागे हा ठेंगणा ॲसिटाल्डिहाइड, आणि हा रेंगाळत आलेला ॲसिटोन.

वहिनी : केवढा उंच आहे गं हा.

छकू : मर्यादेच्या दुपटीहून जास्त. दुसऱ्या नळीतही तेवढाच.

वहिनी : म्हणजे मी वेडी नव्हते.

छकू : नव्हतीस.

वहिनी : अगं, डॉक्टर मला काय म्हणाले माहितीये? "पहिलं मूल आहे, आयांना असं वाटतं." इस्टेट ऑफिसातला तो टकल्या म्हणाला, "बाई, धूळ असेल, पुसत जा." पुसत जा! घराच्या भिंती फळ्यांच्या, छत फळ्यांचं, कपाटं भिंतीतच ठोकलेली, पुसून पुसून माझ्या हाताची सालटं निघाली. माहेरी नेलं की पोर खडखडीत बरं. परत आणलं की संध्याकाळपर्यंत डोळे लाल, नाक वाहतंय, छाती भात्यासारखी वरखाली. हे काय मला वाटतंय म्हणून होतंय? तुझा दादासुद्धा म्हणायचा, "तू त्याच्या छातीला कान लावून बसतेस म्हणून तुला ऐकू येतं."

छकू : दादाचं सोड. लहानपणी घराला आग लागली असती तरी तो म्हणाला असता, जरा उकडतंय.

वहिनी : हसवू नकोस. छाप तो कागद. मी पळते.

छकू : वहिनी, आता हा बघ. ही तिसरी नळी.

वहिनी : हा तर त्याहूनही उंच! मग चांगलंच आहे की.

छकू : चांगलं नाहीये. ही ब्लँक आहे.

वहिनी : म्हणजे?

छकू : म्हणजे कोरी. तिच्यातून हवा ओढायचीच नसते. ती नुसती सोबत जाते नि सोबत परत येते. ती कोरी परत आली तरच छातीठोकपणे म्हणता येतं, की बाकी दोघींत सापडलं ते तुमच्या खोलीतल्या हवेतलंच आहे, वाटेत, डब्यात, आमच्या फ्रिजमध्ये कुठे लागलेलं नाही. आणि ब्लँकमध्ये जे काही सापडेल ते बाकीच्यांतून वजा करायचं. नियम आहे तो.

वहिनी : कर वजा. मग किती उरतं?

छकू : काहीच उरत नाही. शून्याच्याही खाली जातं. कागदावर तुमच्या घरातली हवा म्हणजे डोंगरमाथ्यावरची.

वहिनी : शून्याच्याही खाली? आणि त्याची ती छाती?

छकू : रडू नको. आधी मला नीट आठवून सांग. पंप लावला त्या सकाळी मी तुला काय म्हटलं होतं? ब्लँकची बुचं काढायची, लगेच परत लावायची, चंदेरी पाकिटात घालायची आणि पाकीट फ्रिजमध्ये. केलंस ना?

वहिनी : बुचं काढली. परत लावली.

छकू : मग?

वहिनी : मग तू गेलीस नि हा रांगत आला. ते पाकीट चुरचुर वाजतं ना, त्याला तेच हवं होतं. ओढाओढीत फाटलं. आणि एक बूच त्याच्या तोंडात! मी बोट घालून काढलं छकू, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एवढं एवढंसं ते बूच, घशात अडकलं असतं म्हणजे? दोन्ही बुचं मी तशीच कचऱ्यात फेकली.

छकू : दोन्ही.

वहिनी : दुसरं परत त्याच्या हाती लागलं असतं तर? तू आई असतीस तर तूही फेकलं असतंस.

छकू : बरं. आणि नळी? फ्रिजमध्ये ठेवलीस?

वहिनी : फ्रिजमध्ये त्याचं दूध असतं.

छकू : वहिनी…

वहिनी : तूच म्हणाली होतीस ना, आत केमिकल आहे, हात लावला तर धुवायचा? मग मी ती उघडी नळी त्याच्या दुधाच्या शेजारी ठेवू? कुठली आई ठेवेल? म्हणून उंच ठेवली, त्याचा हात पोचणार नाही अशी. आतल्या खोलीतल्या कपाटात, वरच्या फळीवर. दार घट्ट लावून.

छकू : भिंतीतल्या कपाटात. त्याच फळ्यांच्या.

वहिनी : दुसरं कुठलं कपाट आहे आमच्याकडे?

छकू : आणि संध्याकाळी मी आले तेव्हा त्याला धाप लागलेली. तू औषधाच्या वाफेचा मास्क धरून बसलेली, दादा रिक्षा शोधतोय. मी पंप उचलला, त्या दोन नळ्या उचलल्या. ब्लँकचं नावही माझ्या डोक्यात आलं नाही. नळ्या मोजून घ्यायच्या असतात, वहिनी, नव्या पोरींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. ती तिथेच राहिली, दादा दोन दिवसांनी देऊन गेला. आणि काउंटरवरच्या शहाण्याने तिला नवी बुचं लावून गुपचूप फ्रिजमध्ये सारली.

वहिनी : म्हणजे ती दोन दिवस कपाटात आ वासून पडली होती.

छकू : पंप नसताना. नुसती पडल्या पडल्या तिने एवढं घेतलं. कपाटातली हवा खोलीपेक्षा कितीतरी वाईट असणार, त्याशिवाय असा सुळका येत नाही.

वहिनी : त्याचे कपडे त्याच कपाटात असतात, छकू.

छकू : हं.

वहिनी : दुपटी, झबली, लोकरीची टोपी. सगळं धुऊन, घड्या घालून. दार उघडलं की वास यायचा आणि मला वाटायचं, नव्या घराचा वास आहे. बरं वाटायचं गं मला. त्याच टोपीत तोंड खुपसून झोपतो तो.

छकू : आज घरी गेल्यावर सगळं बाहेर काढ. दोरीवर टाक.

वहिनी : तू मला शिकवू नकोस काय काढायचं ते! तुला माहितीये ना खरं काय आहे? माहितीये ना? मग त्या ब्लँकच्या जागी दुसरी घाल. तुमच्याकडे कोऱ्या नळ्यांचं खोकं भरलेलं आहे, मी बघितलंय. एक फोड, धू, मशीनमध्ये सोड. कोण विचारणार आहे?

छकू : हळू बोल.

वहिनी : खोटं कर म्हणत नाहीये मी. आकडा खराच आहे. तूच म्हणालीस, दणदणीत आहे.

छकू : वहिनी, मी काल संध्याकाळी तेच करायला बसले होते.

वहिनी : मग?

छकू : नळी फोडली. धुतली. मशीनला लावली. कोरी आली, सपाट. हा बघ तिचा आलेख, शेजारीच आहे. नाव द्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

वहिनी : दे नाव. दे ना गं. त्याच्यासाठी दे. तुझाच भाचा आहे तो.

छकू : मला आठवण करून देतेस? …दे तो कीबोर्ड इकडे.

मॅडम (प्रयोगशाळेच्या प्रमुख, आत येत) : अगं, तू अजून जेवायला गेली नाहीस? आणि या कोण?

छकू : मॅडम… या माझ्या वहिनी. क्वार्टर्सचा तो नमुना, त्यांचाच आहे. रिपोर्टसाठी आल्यात.

मॅडम : अच्छा. बसा, बसा, उठू नका. तुमच्या बाळाबद्दल हिने सांगितलं होतं मला. कसा आहे आता?

वहिनी : आहे. मास्क लावला की हसतो. त्याला वाटतं, खेळ आहे.

मॅडम : किती महिन्यांचा?

वहिनी : दहावा लागलाय.

मॅडम : सहीसाठी कागद तयार आहे का गं? त्यांना खोळंबून ठेवू नकोस. दोन्ही नमुने जुळतायत?

छकू : हो मॅडम. जुळतायत.

मॅडम : आणि ब्लँक?

छकू : ब्लँक… ब्लँकही…

मॅडम : हा सपाट आलेख ब्लँकचा? याला नाव का नाही दिलेलं?

छकू : देतच होते, मॅडम. ती…

वहिनी : ती ब्लँक आमच्या घरातली नाहीये.

छकू : वहिनी!

वहिनी : नाहीये ती. आमची हिच्या शेजारची, तो उंच सुळका. मी बुचं टाकून दिली आणि कपाटात ठेवली, दोन दिवस. छकूची यात काही चूक नाही. मीच तिच्या मागे लागले होते.

मॅडम : …सरक जरा. बघू दे मला.

छकू : मॅडम, मी सांगणार होते.

मॅडम : नव्हतीस. जाऊ दे. बाई, तुम्ही माझ्याकडे बघा. तुमच्या घरातली हवा वाईट आहे. तुमच्या कपाटातली हवा भयंकर आहे. हे मला या पडद्यावर दिसतंय, मला काही शंका नाही.

वहिनी : मग तेवढंच लिहून द्या ना. तुमच्या शब्दांत.

मॅडम : मला काय दिसतंय आणि मी कशाखाली सही करू शकते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी लिहू शकते ते एवढंच : ब्लँक दूषित, निकाल ग्राह्य नाही. खाली शेरा टाकीन, की ब्लँक घरातल्या कपाटात राहिल्यामुळे दूषित झाली असावी, चाचणी पुन्हा करावी.

वहिनी : ते शेरा वाचणार नाहीत. ते फक्त "ग्राह्य नाही" वाचतील.

मॅडम : हो. तसंच होईल बहुधा.

वहिनी : मॅडम, तुम्हाला मुलं आहेत?

छकू : वहिनी, नको.

मॅडम : विचारू दे. नाहीत, बाई. पण ऐका. फळ्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायकांचे नमुने याच मशीनवर झालेत. हिनेच केलेत. त्यांची सुनावणी लागलीय. समोरचा वकील या प्रयोगशाळेची एकेक फाइल उकरतोय, कुठे एक बनावट ओळ सापडते का म्हणून. या मशीनमध्ये जे काही सोडलं, त्याची वेळ आतच नोंदली जाते. काल संध्याकाळी एक जादा नळी धुतली, हे ते शोधून काढतील. मग त्या बायकांचे आकडे गेले. त्यांतल्या दोघी आता जिना चढू शकत नाहीत.

वहिनी : म्हणजे त्यांच्यासाठी माझा मुलगा.

मॅडम : असं मी म्हणाले नाही.

वहिनी : नाही. मीच म्हणतेय. तुम्ही बरोबरच आहात.

मॅडम : अगं, त्या सपाट आलेखाला "चुकून केलेली" असं नाव दे आणि फाइलमध्ये राहू दे. पुसू नकोस. मी शेरा लिहून आणते. …बाई, पाणी पिऊन जा.

(मॅडमच्या चपलांचा आवाज पार जिन्यापर्यंत ऐकू येत राहतो. मशीन आपलं एका सुरात घुरघुरत असतं. वहिनी पर्स उघडते, काय शोधायचं होतं ते तिला आठवत नाही, म्हणून परत बंद करते.)

छकू : का बोललीस? माझं अर्धं वाक्य तोंडात होतं. खपून गेलं असतं.

वहिनी : तुझा चेहरा बघितलास का? गुंड्या माती खाऊन तोंड मिटून बसतो ना, तसा झाला होता. तिने ओळखलंच होतं. उद्या तुझी नोकरी गेली असती तर मी कुणाच्या तोंडाकडे बघितलं असतं?

छकू : माझ्या नोकरीचं मी बघितलं असतं.

वहिनी : आता भांडू नकोस. सांग, परत पंप लावायचा तर? आज संध्याकाळीच चल. ब्लँक मी हातात धरून बसते. समितीला म्हणेन, आणखी आठवडा द्या. पाया पडेन.

छकू : परवाच म्हणालीस ना, इस्टेटवाले भिंतींना लॅकर मारून गेले?

वहिनी : हो, तक्रार केली म्हणून. "घ्या, तुमच्यासाठी खास" म्हणाले. घरभर नेलपॉलिशचा वास.

छकू : तो ॲसिटोन. आणि त्याचे भाऊबंद. सगळे कीटोन. नळीत पूड असते मोजकी. हे आडदांड आधी घुसून सगळी पूड खाऊन टाकतील, फॉर्मल्डिहाइडला चिकटायला जागाच उरणार नाही. निकाल परत बाद.

वहिनी : वास उतरल्यावर?

छकू : वास उतरेल तोवर थंडी कडक झालेली असेल. गारठ्यात फळ्या कमी सोडतात. त्यात वरून लॅकरचा थर. आकडा मर्यादेच्या आत येईल, अगदी खराखुरा. तोच कागद ते तुमच्या तोंडावर मारतील, की बघा, आम्ही दुरुस्ती केली आणि घर ठणठणीत झालं.

वहिनी : ठणठणीत होईल का पण? त्याला बरं वाटेल?

छकू : खोलीत थोडं. कपाटाला आतून मारलंय लॅकर?

वहिनी : नाही. बाहेरूनच. आतलं कोण बघतंय म्हणाले.

छकू : मग काय.

वहिनी : मी कपाट उघडायचीच नाही. टेपने दार बंद करते. कपडे पेटीत ठेवीन.

छकू : कर. पण भिंती, छत, तुमचा पलंग ज्या खोबणीत बसवलाय ती… सगळ्याला टेप कुठे लावशील?

वहिनी : माहेरी जावं तर बाबा अंथरुणावर, माझ्या वहिनीच्या कपाळाला आत्ताच आठ्या. आणि कुटुंब राहत नसेल तर क्वार्टर काढून घेतात. मग तुझा दादा एकट्या पुरुषांच्या बराकीत आणि आम्ही कायमचे माहेरी. त्याला सोडून राहायला लागले तर… नाही, तो काही बोलणार नाही. तो कधीच काही बोलत नाही. नुसता गुंड्याच्या पाळण्याशी उभा राहतो.

छकू : माझ्या होस्टेलवर मुलं चालत नाहीत. मी विचारून बघितलं होतं. तुला सांगितलं नाही एवढंच.

वहिनी : कधी विचारलंस?

छकू : गुंड्या पहिल्यांदा निळा पडला तेव्हा.

वहिनी : …पुढची समिती कधी बसते?

छकू : उन्हाळ्यात. तेव्हाच लावू पंप. उन्हाने लॅकर तडकतं, आतून सगळं परत सुटायला लागतं. कडक ऊन पडलं पाहिजे. दोन-तीन दिवस सलग. तेव्हा आकडा येईल असा की कुणाच्या बापाला नाकारता येणार नाही.

वहिनी : म्हणजे मी आता ऊन पडायची वाट बघायची. घरात आणखी विष सुटावं म्हणून.

छकू : सिद्ध व्हावं म्हणून.

वहिनी : तोवर तो चालायला लागलेला असेल.

छकू : असेल.

वहिनी : डॉक्टर म्हणतात, पहिल्या वर्षात छाती धरली की कायमची धरते.

छकू : डॉक्टर काहीही म्हणतात. तुला वेडी म्हणाले होते.

वहिनी : तेव्हा ते चुकले म्हणून आता चुकतीलच असं नाही ना, छकू. मी रोज तेच करते. एकाचं ऐकलं की दुसऱ्याची धास्ती. खिडकी उघडली की गारठा, लावली की ते. काल सगळी दुपार मी खिडकीशीच उभी होते, बोटभर उघडायची, परत लावायची. तो पलंगावरून बघत होता. त्यालाही तोच खेळ वाटला.

छकू : उघडी ठेव. वर आणखी एक पांघरूण घाल.

वहिनी : कपाटातलं?

छकू : …माझं घेऊन जा. होस्टेलचं आहे, लोखंडी कपाटातलं.

वहिनी : दे. आणि मला सांग, उन्हाळ्यात पंप लावायचा तेव्हा काय काय करायचं असतं? आत्ताच सांगून ठेव, या वेळी काही चुकायला नको.

छकू : आदल्या संध्याकाळपासून सगळी दारं-खिडक्या बंद ठेवायच्या. पंखा नाही, काही नाही. रात्रभर घर कोंडून ठेवायचं आणि सकाळी पंप चालू करायचा. तसंच दिवस मावळेपर्यंत.

वहिनी : रात्रभर कोंडून.

छकू : तरच खरा आकडा येतो.

वहिनी : घरात माणूस असावं लागतं?

छकू : नाही. माणसाचं काही काम नसतं. हवा लागते फक्त.

वहिनी : तो आत नसला तरी आकडा तेवढाच येईल?

छकू : तेवढाच.

वहिनी : मग त्या दिवशी तरी त्याला बाहेर ठेवीन.